लोखंडाचं सोवळं

आमच्या घरी आमटीला कांदा लागला की आई विळीवर बसत नसे, चार कांदे ओच्यात घेऊन ओढा ओलांडायला निघे. विळी ओढ्यापलीकडच्या खोपटात असायची. तिच्या सोबतीला कोयता, कुऱ्हाड, कुदळ, पहार, एक लोखंडी बादली आणि हिरेमठ सरांचा ट्रान्झिस्टर. घरात कुठंही लोखंड नव्हतं. भाकरी मातीच्या खापरावर भाजायची, पाणी तांब्याच्या घागरीत, दाराला लाकडी खुंटी आणि कुलूप पितळेचं. ओढा भरून वाहायला लागला की आई कांदा दगडावर ठेचून टाकी आणि आप्पा पहिल्या घासालाच म्हणत, "आज लई पानी हाय वाटतं ओढ्याला." छत्रीच्या काड्या लोखंडाच्या, म्हणून छत्रीसुद्धा पलीकडेच. कणकुंबीकडच्या त्या रानात, जिथं पाऊस पडायला लागला की थांबायचं विसरतो, तिथं आम्ही तिघंही घोंगडीच्या खोळी घेऊन हिंडायचो आणि शाळेत माझ्या अंगाला सदा ओल्या लोकरीचा वास यायचा. मला त्याची लाज वाटे. आता तो वास कुठं आला तर मी जरा वेळ तिथंच रेंगाळते.

हे सगळं एका लाकडी खोलीसाठी. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवण्यासाठी सरकारच्या कुठल्याशा खात्यानं आमच्या रानात काही वर्षांपुरतं एक केंद्र उघडलं होतं. आगगाडी लांब लोंढ्याला, कारखाने त्याहून लांब, वीज आलेली नव्हती, म्हणून ही जागा. आमच्याकडचा जांभा दगडही चालला नाही, कारण त्यात लोह असतं. लाकूड आणि चुन्याची खोली बांधली, तिला खिळे तांब्याचे. आत काळोख. त्या काळोखात केसासारख्या धाग्याला एक इवलंसं चुंबक टांगलेलं, त्याला चिकटवलेला बारका आरसा आणि आरशावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका. पृथ्वीचं चुंबकत्व जरा कमीजास्त झालं की चुंबक हले, आरसा हले आणि ठिपका सरके. ठिपक्याची वाट फोटोच्या कागदावर उमटायची. कागद हळूहळू फिरणाऱ्या नळकांड्यावर गुंडाळलेला असे आणि रोज सकाळी तो बदलायचा. आप्पा तिथले चौकीदार. काकांशी भांडण करून, वाटणीवर पाणी सोडून ते गावातून निघाले होते आणि ही नोकरी त्यांना मिळाली होती. ती पक्की नव्हती. दर वर्षी मोठ्या साहेबांची सही झाली की पुढचं वर्ष.

आप्पांनी लोखंडाचा नियम असा काही अंगी बाणवला, की आमच्या घराण्यात कुणी देवाचं सोवळंही इतकं पाळलं नसेल. खोलीभोवती पांढरे दगड रोवून हद्द आखलेली होती. तिच्या आत टाचणी नेणं म्हणजे पाप. नियमानं फक्त ती हद्दच सांगितली होती, पण आप्पांनी आपण होऊन ती ओढ्यापर्यंत वाढवली. बेळगावला उद्यमबागेत राहणारी माझी आत्या दिवाळीला आली की ओढ्याकाठी तिची झडती व्हायची. केसांतले आकडे, पोलक्याच्या पिना, सगळं एका करवंटीत काढून ठेवायचं. "माझी अब्रूच काढून घेतोस की रं दादा," असं म्हणत ती एका हातानं पदर सावरत ओढा ओलांडायची. तिच्या घरी मी राहायला गेले की मला झोप येत नसे. आसपासच्या कारखान्यांतून ठोकाठोकीचा आवाज यायचा, आणि आमच्याकडे तर लाकडावर लाकूड आपटल्याचा नाहीतर गाईच्या गळ्यातल्या पितळी घंटेचा, एवढाच काय तो आवाज. पुढं मी याच विषयात शिकले, नोकरीही त्यातच झाली, तेव्हा हिशेब करून पाहिला. आमचं घर त्या खोलीपासून इतकं लांब होतं, की आईनं चुलीपाशी विळीवर बसून पोतंभर कांदे चिरले असते तरी त्या चुंबकाला पत्ता लागला नसता. हिरेमठ सरांना हे नक्की माहीत होतं. पण जास्तीचं सोवळं कुणी पाळत असेल तर त्याला अडवा कशाला, असा त्यांनी विचार केला असणार. त्यांना काय, कांदा काही त्यांना चिरायचा नव्हता!

हिरेमठ सर केंद्राचे निरीक्षक. एकटे, खोलीच्या अलीकडच्या झोपडीत राहणारे, सुट्टीला बेळगावला जाणारे. जेवायला आमच्याकडेच. नाचणीची भाकरी, कुळथाची आमटी, हंगाम असला तर कळकाचे कोंब. कितीही तिखट लागलं तरी "बरं झालंय री, वैनी," म्हणत डोळे पुसायचे. घरात कन्नड, शाळेत इंग्रजी आणि आमच्याशी मराठी, अशा तीन भाषा ते एकाच वाक्यात बसवत. धुतलेले कागद वाळत घातले की मला बोलवून दाखवत. रोजची रेघ शहाण्यासारखी असे. दुपारी जराशी वर चढायची, संध्याकाळी खाली येऊन बसायची. "हे सगळं सूर्याचं काम, सुमन," ते म्हणायचे. मला खरं वाटत नसे. सूर्य तापतो, वाळवण वाळवतो, हे ठीक. तो बंद खोलीतलं चुंबक कसा हलवणार? मग ते आमच्या चुलीकडे बोट करायचे. ओलं लाकूड तडतडलं की ठिणगी उडून अंगावर येते ना, तसा सूर्यही अधूनमधून तडतडतो. त्याच्यावर डाग पडतात, त्या डागांपाशी चुंबकत्वाचा पीळ बसलेला असतो. तो सुटला की सूर्याच्या अंगचं काहीबाही उडतं आणि दोन-तीन दिवसांनी इथं येऊन पृथ्वीच्या चुंबकत्वावर आदळतं. तेव्हा ही शहाणी रेघ पिसाटते. "मी अजून मोठं वादळ पाहिलं नाही," हेही ते जरा खंतावून सांगत. आता सूर्यावर कुठं खुट्ट झालं की माझ्या मोबाइलवर लगेच संदेश येतो. शेजारची कॉलेजातली मुलगी मला विचारते, "आजी, आज नेट जाणार का हो?" मी म्हणते, जाईल गं, तेवढंच डोळ्यांना बरं.

त्या वर्षी खंडेनवमीला हिरेमठ सर बेळगावला गेलेले. आप्पा आणि मी गावच्या देवीला गेलो होतो, रात्रीचा मुक्काम तिथंच. गाय व्यायला झाली होती म्हणून आई एकटी मागं राहिली. दसऱ्याला सकाळी आम्ही परतलो तेव्हा गोठ्यात खोंड उभं राहायची धडपड करत होतं, घरात चिकाच्या खरवसाचा वास सुटला होता आणि आई न्हाऊन, कुंकू लावून आमची वाट बघत होती. आप्पांनी वेळेवर कागद बदलला, सोनं वाटलं. असला भरलेला सण आमच्या घरी क्वचितच होई, आणि म्हणून तो मला अजून चवीसकट आठवतो.

सर परत आले आणि त्यांनी सुट्टीतले कागद धुतले. मी शाळेतून येत होते. ते ओला कागद दोन्ही हातांत धरून आपल्या झोपडीच्या ओट्यावर उभे होते आणि तोंडानं नुसतं "अय्यो, अय्यो" चाललं होतं. आधी मला वाटलं, कागद नासला. मग जवळ जाऊन पाहिलं. ती रेघ नव्हतीच. पिसाळलेल्या बैलासारखी वरखाली धावत होती, एका ठिकाणी तर कागदाबाहेरच गेलेली. "आलं, सुमन! वादळ आलं!" सर म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. कारण वादळाच्या आधी, नवमीच्या संध्याकाळी, रेघेनं एक सरळ उडी मारली होती, पायरी चढल्यासारखी. वादळ सगळं त्या पायरीवर बसून झालेलं. आणि दसऱ्याच्या सकाळी, कागद बदलायच्या बऱ्याच आधी, तितकीच उडी खाली. सरांनी कागद वाळत घातला आणि त्या दिवशी ते आमच्याकडे जेवले नाहीत.

दुसऱ्या केंद्रांनीही ते वादळ टिपलं होतं, म्हणून मोठे साहेब स्वतः कागद बघायला आले. उंच, शिडशिडीत, कपडे परीटघडीचे आणि बोलणं त्याहून. ओढ्याकाठी त्यांनी न सांगता घड्याळ, किल्ल्या, पट्टा काढून करवंटीत ठेवला. आप्पांना ते फार आवडलं असावं. साहेबांनी कागद पाहिला, दुसऱ्या केंद्राच्या कागदाशेजारी धरला आणि आप्पांना आमच्या ओट्यापुढं बोलावलं. मी दारात होते, आई आत चहा करत होती.

"नवमीच्या संध्याकाळी खोलीजवळ लोखंड आलं होतं," साहेब म्हणाले. "चांगलं जड. रात्रभर होतं. कोण आलं होतं?"

"कोन न्हाय, साहेब."

"कोणीतरी आलं होतं. आणि ते लोखंड रात्रभरात कितीदा हललं, कुठं हललं, काही कळायला मार्ग नाही. म्हणजे यातलं सूर्याचं किती आणि लोखंडाचं किती, सांगता येत नाही. हा कागद बाद. इतक्या वर्षांत एकदा येणारं वादळ, आणि बाद." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही त्या रात्री इथं नव्हता. ते मी समजू शकतो. पण कुणाला तरी आत सोडलंत आणि आता लपवताय, तर पुढच्या वर्षी मला दुसरा माणूस बघावा लागेल."

आप्पा पांढरेफटक पडले. गावी परत जायचं म्हणजे काकांच्या दारात उभं राहायचं, हे मलाही समजत होतं. मला वाटलं ते पाया पडतील. त्यांनी मला हाताला धरून पुढं ओढलं आणि माझ्या डोक्यावर तळवा ठेवला. "ही माझी एकुलती लेक. हिच्या डोस्क्यावर हात ठेवून सांगतो, साहेब. लोखंड दगडाच्या आत कवाच आलेलं न्हाय."

आत पितळी भांडं खाली पडलं. आई तशीच बाहेर आली, हाताला चहाची भुकटी लागलेली. परक्या पुरुषापुढं ती एरवी दारातून बोलायची नाही. "साहेब," ती म्हणाली, "आदी त्यास्नी हात काढाय सांगा पोरीच्या डोस्क्यावरनं. खोटी शपत लागंल. लोखंड मी नेलतं."

आप्पांचा हात माझ्या डोक्यावर तसाच राहिला, तो मीच काढला.

"तुम्ही? कशासाठी?" साहेबांनी विचारलं.

"खंडेनवमी हुती न्हवं काय. गाडीवाला गाडी पुजतो, सुतार करवत पुजतो. आमचं आयुध कुठलं? खोलीतलं हेच यंतर. ह्याच्यावर आमची भाकर हाय. आनि ते एकटंच आंधारात बसलंय, फूल न्हाय, कुकू न्हाय. त्याला भाईर आनता येत न्हाय, म्हनून घरातली समदी आयुधं त्याच्या भितीला नेऊन मांडली. कोयता, कुऱ्हाड, कुदळ, पहार. देवाच्या कामाला कसलं आलंय सोवळं, म्हनलं. ह्यास्नी सांगितलं न्हाय. वरडलं असतं." हे शेवटचं तिनं आप्पांकडे न बघता सांगितलं. आप्पा तर जमिनीकडेच बघत होते.

साहेबांनी कपाळ चोळलं. मग, मला वाटतं नुसतं विचारायचं म्हणून, त्यांनी विचारलं, "मधे कितीदा हलवलीत?"

आईला हा अपमान वाटला. "असं कसं हलवीन? पुजलेलं आयुध दसऱ्यापतोर हलवत न्हाईत. दिवेलागनीला मांडली, दसऱ्याला उजाडल्यावर उत्तरपूजा करून उचलली. तुमच्यात काय हलवत्यात?"

हिरेमठ सर इतका वेळ खांबाला टेकून उभे होते. ते एकदम पुढं आले. "सर, हलवली नाहीत! म्हणजे रात्रभर ती एक पायरीच हाय, सर, दुसरं काही नाही. पायरी केवढी ते मोजलं की वजा करता येतं. वादळ खाली तसंच्या तसं शिल्लक हाय." बोलता बोलता त्यांची मराठी सुटली आणि उरलेलं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी कागद पुन्हा दुसऱ्या केंद्राच्या कागदाशेजारी धरला. मग आईकडे वळून म्हणाले, "तशीच पुन्हा मांडता येतील?"

"आज?" आई म्हणाली. "आज कुठली आलीय खंडेनवमी?"

पण ती तयार झाली. जागा शोधायची गरजच पडली नाही. खोलीच्या मागच्या भिंतीशी झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि हळदकुंकवाचे डाग अजून होते. आप्पा नेहमी पुढच्या भिंतीकडूनच जात-येत, म्हणून ते त्यांच्या नजरेला पडलं नव्हतं. साहेबांनी आप्पांना लोखंड आणायला सांगितलं. आप्पा ओढ्यापलीकडून पहार खांद्यावर घेऊन आले आणि पांढऱ्या दगडांपाशी थांबले. साहेब म्हणाले, "या आत." आप्पांनी पाय उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला. पुन्हा उचलला. जमेना. इतकी वर्षं ज्या हद्दीच्या आत त्यांनी साधी सुईसुद्धा जाऊ दिली नव्हती, तिच्यात पहार घेऊन शिरणं त्यांच्या अंगालाच मान्य नव्हतं. मला त्यांची फार दया आली. आईनं बाकीची आयुधं आधीच मागच्या बाजूला, दगडांबाहेर गवतावर नेऊन तयार ठेवली होती. ती परत आली, त्यांच्या खांद्यावरची पहार आपल्या हातात घेतली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"ही उबी हुती," आईनं सांगितलं. "भितीला टेकवून बुडाला नारळ लावलेला. आज नारळ न्हाय. म्या धरून उबी ऱ्हातो."

आत सर, साहेब आणि मी. मी निरोप्या, कारण माझा आवाज मोठा. दार लोटलं, तांबडा कंदील लावला. सरांनी मला रेघा आखलेल्या एका दुधी काचेच्या पट्टीपुढं उभं केलं. तिच्यावर तो ठिपका होता, तांदळाच्या दाण्याएवढा. मी तो पहिल्यांदाच बघत होते. मी भिंतीच्या फटीतून ओरडले, "आई, ठेव!" कोयता ठेवला असेल, ठिपका किंचित सरकला. कुऱ्हाड. कुदळ. मग तो झपाझप निघाला, एकेक रेघ ओलांडत, आणि मला कळलं की आई पहार घेऊन येते आहे. भिंतीपलीकडं ती कुठं आहे, पाऊल कधी टाकते, कधी थांबते, हे मला तिथं उभ्या उभ्या दिसत होतं. ठिपका थांबला. साहेबांनी कागदावरची पायरी मोजली, पट्टी मोजली, पुन्हा मोजली. "तेवढंच आहे," ते हळूच म्हणाले. हिरेमठ सरांनी माझा खांदा इतक्या जोरात दाबला की मी कळवळले.

तेवढ्यात मी पाहिलं की ठिपका अजून हलतोच आहे. अगदी थोडा, श्वास घेतल्यासारखा. मला वाटलं आईचा हात कापतोय. मी विचारलं, "भाईर कोन हललं?"

"कुणी नाही," साहेब म्हणाले. माझ्याशी ते पहिल्यांदाच बोलले. "आईचा हात कापला तर त्याला कळेल, पण तो असा हलत नाही. हा सूर्य."

सरांनी हजारदा सांगितलेली गोष्ट मला त्या क्षणी पटली. अंगावर काटा आला तो अजून आठवतो. आयुष्यात पुढं मी चांगली यंत्रं पाहिली, आपलं यान सूर्याकडे तोंड करून बसलं त्या दिवशी टीव्हीपुढं रडलेही. पण मला या वाटेला लावलं ते आईच्या हातातल्या त्या पहारीनं, हे मी कुणालाही सांगते.

साहेबांनी दार उघडलं. आप्पा दगडांपलीकडेच उभे होते, उजेडानं डोळे बारीक करून. "कागद ठेवतोय," साहेब म्हणाले. "आणि उद्याचा कागद वेळेवर बदला. हिरेमठांना माझ्याबरोबर बेळगावला यायचं आहे." आप्पांना आधी नीट समजलंच नाही. समजलं तेव्हा ते मटकन गवतात बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला काय करावं कळेना, म्हणून मी पुन्हा आत पट्टीपाशी गेले.

मागच्या भिंतीपलीकडून आईचा आवाज आला. "साहेब, सोडू काय आता? हात भरून आला माझा."

तिला सांगायचंच राहिलं होतं. साहेब काही बोलायच्या आत बाहेर गवत वाजलं, कुणीतरी पांढरे दगड ओलांडून हद्दीच्या आतून मागं गेलं; सर आणि साहेब तर दारातच होते. मग ठिपका हलला आणि परत निघाला. येताना तो झपाझप आला होता. आता सावकाश जात होता, मधेच थांबत होता, पुन्हा सरकत होता. पहार दोघांनी दोन टोकांना धरली होती आणि दोघांनाही घाई नव्हती.